दार अडवणारे आणि दार उघडणारे

छंदाच्या ओढीने मोबाइलवरील एखाद्या समूहात गेलेल्या ज्येष्ठांना तेथे कधी कधी आपुलकीऐवजी उपहास भेटतो. हा मार दिसत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षातही येत नाही. नेमबाजीच्या एका समूहातील अनुभव आणि त्यातून आम्ही शिकलेल्या काही गोष्टी.

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकाराची अंतिम फेरी खेळत होता आणि डोंबिवलीतील आमच्या घरात माझे सासरे दूरचित्रवाणीसमोर खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. घरात आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. वय सत्त्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून ते मोजकेच बोलत. त्या दुपारी मात्र ते एकसारखे बोलत होते. गुडघ्यावर बसून नेम धरताना कोपर कोठे टेकवायचे, पालथे पडून मारताना श्वास कोठे थांबवायचा, उभ्याने मारणे सर्वांत कठीण का, हे सारे ते आमच्या मुलाला समजावून सांगत होते. स्वप्निलला कांस्यपदक मिळाले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळवले होते. त्यानंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदक महाराष्ट्राच्या वाट्याला यायला बहात्तर वर्षे लागली. अण्णांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "आम्हीही मारत होतो रे एके काळी. पॉइंट टू-टूची रायफल."

चीनशी झालेल्या युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये ती सक्ती उठली. अण्णा नेमके त्या वर्षांतले विद्यार्थी. कल्याणहून पहाटेची गाडी पकडून मुंबईच्या महाविद्यालयात कवायतीला जाणारे. शिबिरात त्यांचा नेम चांगला होता, एवढेच आम्हांला ठाऊक होते. पुढे नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे यांत ती गोष्ट मागे पडली. साठ वर्षांनी ती अशी अचानक वर आली.

आठवडाभराने नातवाने कोणा ओळखीच्यामार्फत त्यांना एअर रायफलच्या हौशी लोकांच्या एका मोबाइल समूहात सामील करून दिले. अण्णांनी अर्धा तास बसून एक संदेश लिहिला. पत्र लिहावे तसा. आरंभी नमस्कार, मग वय, मग एनसीसीचा उल्लेख आणि अखेरीस तीन प्रश्न: दहा मीटरच्या एअर रायफलला परवाना लागतो काय, तिचे वजन किती असते, आणि तिच्या गोळ्या कोठे मिळतात. खाली "आपला नम्र" आणि पूर्ण नाव.

उत्तरे आली ती अशी. "आजोबा, आधी चष्मा शोधा." "नातवंडे सांभाळा, बंदूक राहू द्या." "एवढेही ठाऊक नसेल तर येथे येता कशाला? आधी वाचून या." एअर रायफलमध्ये गोळी नव्हे, छर्रा घालतात. त्या एका शब्दावरून एकाने विचारले, "गोळ्या? बीपीच्या का?" त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. अण्णांनी पुन्हा लिहिले, "शब्द चुकला असल्यास क्षमस्व. कृपया मार्गदर्शन करावे." त्यावर कोणीतरी लिहिले की असल्या प्रश्नांनी समूहाचा दर्जा घसरतो. संध्याकाळपर्यंत त्यांना समूहातून काढून टाकलेले होते.

यांतले काहीही त्यांनी घरी सांगितले नाही.

न दिसणारा मार

पुढच्या तीन आठवड्यांत आम्हांला दिसले ते एवढेच. अण्णा सकाळी फिरायला जाईनासे झाले. विचारले तर गुडघा दुखतो म्हणत. ज्येष्ठांच्या कट्ट्यावरून दोनदा फोन आला, तो त्यांनी घेतला नाही. चहा अर्धा राहू लागला. पहाटे तीनला दिवा लागलेला दिसे. रक्तदाबाची गोळी दोनदा घ्यायची राहिली. आम्ही आपसांत म्हणालो, वय झाले. ज्येष्ठांच्या बाबतीत "वय झाले" हे निदान फार सोपे असते आणि म्हणूनच ते पुष्कळदा चुकते.

आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, गुडघा पाहिला आणि एक निराळाच प्रश्न विचारला: "गेल्या महिन्याभरात यांनी कोणती गोष्ट सोडली?" घरी येताना मी त्याचा विचार करीत होते. नेमबाजीचे नाव अण्णांच्या तोंडून कितीतरी दिवसांत आलेले नव्हते. नातवाने त्यांचा मोबाइल मागून घेतला, तेव्हा तो संवाद सापडला.

येथे मला माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. सारे वाचून झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ द्या हो अण्णा. या वयात हवे कशाला ते?" त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता उठून गेले. त्या समूहातील लोकांनी जे सांगितले होते तेच मी सांगत होते, केवळ माझा आवाज मऊ होता. बाहेरच्यांनी एकदा अडवलेले दार मी घरातून पुन्हा लावले होते.

अनोळखी माणसांची चार वाक्ये इतकी का लागावीत, असा प्रश्न तरुणांना पडतो. मानसशास्त्रात याचा अभ्यास झालेला आहे. किपलिंग विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेंडूफेकीचा एक साधा संगणकीय खेळ तयार केला. तिघेजण एकमेकांकडे चेंडू टाकतात. थोड्या वेळाने दोघे आपसांतच खेळू लागतात आणि तिसऱ्याकडे चेंडू येणे बंद होते. त्या दोघांना त्याने कधी पाहिलेले नसते, पुढे भेटायचेही नसते. तरीही वगळल्या गेलेल्या माणसाचे मन खिन्न होते. समोर माणसे नसून संगणक खेळत आहे असे आधीच सांगितले, तरीही खिन्नता येते. २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाच खेळ खेळताना मेंदूचे चित्रण केले गेले. शारीरिक वेदनेचा क्लेश जाणवताना मेंदूचा जो भाग जागा होतो, त्या भागात वगळले गेल्यावरही हालचाल दिसली. "मनाला लागले" हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार शरीरालाही ठाऊक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत याला आणखी दोन पदर आहेत. पहिला एकाकीपणाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने ३० जून २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाची झळ पोहोचते आणि दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि बुद्धीचा ऱ्हास यांची जोखीम एकाकीपणाने वाढते. जोडीदार गेलेल्या, नोकरीतील सोबती विखुरलेल्या माणसाला नवी ओळख करून घेण्याचा एक प्रयत्न करायलाही मोठे बळ लागते. तो पहिलाच प्रयत्न हशात उडवला गेला, तर दुसरा सहसा होत नाही.

दुसरा पदर वयाविषयीच्या समजुतीचा. बेका लेव्ही या संशोधिकेने अमेरिकेच्या ओहायो राज्यातील पन्नाशी ओलांडलेल्या ६६० जणांच्या दीर्घकाळच्या नोंदी तपासून २००२ साली एक निष्कर्ष मांडला. स्वतःच्या वार्धक्याकडे चांगल्या दृष्टीने पाहणारे लोक, तशी दृष्टी नसलेल्यांपेक्षा सरासरीने साडेसात वर्षे अधिक जगले. "आता तुमच्याने काय होणार" हे वाक्य वारंवार कानी पडले की माणूस ते खरे मानू लागतो आणि मग चालणे, खाणे, औषध घेणे या साऱ्यांतला त्याचा रस ओसरतो. अण्णांच्या राहून गेलेल्या गोळीचे कारण आम्हांला येथे सापडले.

असे का वागतात?

त्या समूहातील माणसे दुष्ट होती, असे मी म्हणणार नाही. त्यांतला एखादा कदाचित रोज आपल्या आईचे पाय चेपत असेल. समोरचा चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, आपल्या शब्दाने कोणाचा चेहरा उतरला हे कळत नाही. अशा वेळी जिभेवरचा एरवीचा लगाम सैल होतो. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्येच या प्रकाराची सविस्तर मांडणी केली होती. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावर समोरासमोर भेटलेल्या वृद्धाला "आधी चष्मा शोधा" असे कोणी म्हणाले नसते.

शस्त्रांच्या क्षेत्रात याला आणखी एक कारण मिळते आणि ते समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात बंदूक बाळगणे सोपे नाही आणि ते सोपे नसावे हेच योग्य. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार परवान्यासाठी पोलिसांची चौकशी, वैद्यकीय प्रमाणपत्र, हाताळणीचे प्रशिक्षण, सुरक्षित ठेवण्याची हमी असे अनेक टप्पे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागांत परवान्याचा अधिकार ठाण्याच्या पोलिस आयुक्तांकडे आहे. नेमबाजीच्या एअर रायफलला मात्र, नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. अण्णांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते. एका वाक्याचे.

जेथे थोड्यांनाच प्रवेश मिळतो, तेथे आत पोहोचलेल्यांना आपल्या जागेचा अभिमान वाटू लागतो. अवघड शब्द, नमुन्यांची नावे, आकडे हे त्यांचे बिल्ले होतात. एखादा नवखा "छर्रा"ऐवजी "गोळी" म्हणाला की तो बाहेरचा ठरतो. त्यात भीतीचाही अंश असतो: अडाणी माणसाच्या हाती शस्त्र गेले, अपघात झाला, तर साऱ्या छंदावरच बोट ठेवले जाईल. ही भीती खोटी नाही. तिच्यापोटी दाराशी उभे राहून प्रश्न विचारणे हे कर्तव्यच आहे. पण उपहासाने ते कर्तव्य पार पडत नाही. उलट, हसू होईल या भीतीने नवखा प्रश्न विचारायचे थांबतो. पाककृतीच्या समूहात न विचारलेल्या प्रश्नाने फार तर भाजी करपेल. शस्त्राच्या बाबतीत न विचारलेला प्रश्न एखाद्याचा डोळा घेऊ शकतो. अपमान करून पिटाळलेला माणूस शस्त्र विसरेलच असे नाही. तो कोणालाही न विचारता विकत घेईल, हाच धोका मोठा.

आपल्याकडे लग्नात दार अडवण्याची रीत आहे. नवे जोडपे उंबऱ्याशी येते, बहीण आडवी उभी राहते, नाव घ्यायला लावते, थट्टा करते, हक्काचे काही मागते. जरा वेळ रंगते आणि मग तीच बाजूला होऊन जोडप्याला आत घेते. तिने अडवलेले असते ते आत घेण्यासाठीच. तालमीतही असेच. नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी कुस्ती खेळू देत नाहीत. आधी माती खणायला, जोर मारायला लावतात. तेथेही दार अडवलेले असते, पण त्याला वाट ठेवलेली असते. अमुक कर, मग ये. ज्या अडवणुकीत अशी वाट नसते, तिला शिस्त म्हणता येत नाही.

रागावले, तरी आनंदाने परतले

त्या प्रसंगानंतर महिन्याभराने माझ्या पतीने चौकशी करून ठाण्यापलीकडील एका लहानशा नेमबाजी केंद्रात अण्णांना नेले. तेथील प्रशिक्षिका वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी प्रथम डोळ्यांच्या डॉक्टरांचा आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा अभिप्राय मागितला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कधी झाली, खांदा किती वर जातो, हाताला कंप आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे सारे वहीत लिहून घेतले. पहिले तीन दिवस रायफलला हातच लावू दिला नाही. नळी नेहमी लक्ष्याच्या दिशेने. रायफल रिकामी असली तरी भरलेली आहे असेच समजायचे. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. रायफल खाली ठेवली की ती रिकामी असल्याची खूण म्हणून नळीतून आरपार जाणारी रंगीत दोरी घालायची. हे नियम त्यांनी पाठ म्हणून घेतले.

चौथ्या दिवशी अण्णांचे बोट वेळेआधीच चापावर गेले. बाई सर्वांदेखत कडाडल्या, "काका, बोट! पुन्हा असे झाले तर आजचा सराव बंद." मी मागे बसले होते, माझ्या छातीत धस्स झाले. पुन्हा घरी अंधार होणार, असे वाटले. परतीच्या रिक्षात अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाई बरोबर बोलल्या. एनसीसीतले आमचे हवालदारही असेच ओरडायचे." त्या रात्री ते दोन पोळ्या जेवले.

समूहातील शब्दांपेक्षा बाईंचा स्वर कितीतरी कडक होता. पण बाईंनी त्यांची चूक दाखवली होती. समूहाने त्यांचे वय दाखवले होते. चूक सुधारता येते.

स्पर्धेतील एअर रायफलचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते. अण्णांना ते उभ्याने पेलत नाही आणि पेलणारही नाही. ते टेबलाचा आधार घेऊन बसून मारतात. दहा मीटरवरील लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो त्यांना क्वचितच लाभतो. आठवड्यातून एकदा जातात. फिरणे पुन्हा सुरू झाले आहे, कारण पायात बळ नसेल तर बसकण स्थिर राहत नाही असे बाईंनी सांगितले आहे. रक्तदाबाची गोळी आता ते स्वतः मागतात. त्या समूहात ते परत गेले नाहीत आणि आम्हीही आग्रह केला नाही. झोप मात्र अजून पूर्वीसारखी नाही. सगळेच भरून निघते असे नसते.

उतारवयात नेमबाजी शोभत नाही म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणे सांगण्यासारखी आहेत. स्वीडनच्या ऑस्कर स्वान यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत सांघिक रौप्यपदक मिळवले, तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. आपल्या उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्याच्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी साठी उलटल्यावर, नातीला सोबत म्हणून नेमबाजी केंद्रात गेल्या असता प्रथम पिस्तूल हाती घेतले. गाव हसले, घरच्या पुरुषांना ते रुचले नाही. हात स्थिर व्हावा म्हणून त्या पाण्याने भरलेला जग धरून सराव करीत. त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर याही नेमबाज झाल्या आणि त्यांच्यामागून गावच्या कितीतरी मुली या खेळात आल्या. ३० एप्रिल २०२१ रोजी कोविडने चंद्रो तोमर यांचे निधन झाले. त्यांना अडवणारेही पुष्कळ होते. पण केंद्रातील प्रशिक्षकाने त्यांना आत घेतले, एवढ्याने त्यांची वाट मोकळी झाली.

घरच्यांनी काय पाहावे, काय करावे

छंद नेमबाजीचा असो, बागकामाचा, जुन्या नाण्यांचा किंवा गाण्याचा. मोबाइलवरील समूहात दुखावले गेलेले ज्येष्ठ ते सहसा बोलून दाखवत नाहीत. पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवावे.

एखाद्या आवडीचा विषय अचानक बोलण्यातून नाहीसा होणे. मोबाइल वाजला की दचकणे किंवा तो पालथा घालून ठेवणे. फिरणे, कट्टा, देवळात जाणे यांसाठी रोज नवी सबब. भूक व झोप यांत बदल. औषधे चुकणे. हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर डॉक्टरांना दाखवावे आणि केवळ दुखणे न सांगता काय काय सोडले तेही सांगावे.

कळल्यावर प्रथम ऐकून घ्यावे. "तुम्हांला कोणी सांगितले होते", "या वयात कशाला" ही दोन वाक्ये कटाक्षाने टाळावीत. मोबाइल काढून घेऊ नये. ती शिक्षा होते आणि चूक त्यांची नसते. संवाद एकत्र वाचावा. त्यांची इच्छा असेल तर समूहचालकाला सभ्य शब्दांत कळवावे, त्रास देणाऱ्याला ब्लॉक करण्याची रीत शिकवावी. धमकी किंवा अश्लील मजकूर असेल तर त्याचे छायाचित्र जपून ठेवून पोलिसांकडे जावे. मोबाइलवर कोणी पैसे घेऊन परवाना किंवा शस्त्र मिळवून देतो म्हणाला, तर तो फसवणारा किंवा गुन्हेगार समजावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, दुसरे दार शोधावे. ज्येष्ठ नागरिक संघ, ग्रंथालय, क्रीडासंस्था, शेजारचा एखादा जाणकार. जेथे माणूस समोर दिसतो अशी जागा. पहिल्या दिवशी आपण सोबत जावे. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ आणि मनःस्वास्थ्यासाठीची टेलि-मानस सेवा १४४१६ हे क्रमांक घरात ठळक अक्षरांत लावून ठेवावेत.

नेमबाजीचाच छंद असेल, तर आणखी काही पथ्ये. एअर रायफलला परवाना लागत नसला तरी ते खेळणे नव्हे. तिचा छर्रा डोळा निकामी करू शकतो. ती कुलुपात, छर्रे निराळ्या जागी आणि सराव केवळ केंद्रातच. छर्रे बहुधा शिशाचे असतात. म्हणून सरावानंतर हात साबणाने धुतल्याखेरीज काही खाऊ नये. रक्तदाब, हृदय किंवा डोळ्यांचा विकार असल्यास श्वास रोखणे व भार उचलणे यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

घरात जुनी परवान्याची बंदूक असेल, तर ही सूचना विशेष गांभीर्याने घ्यावी. ज्येष्ठांना विस्मरण होऊ लागले असेल, संशय किंवा तीव्र नैराश्य दिसत असेल, तर बंदूक घरात ठेवू नये. ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करण्याची व्यवस्था करावी. परवानाधारकाच्या निधनानंतरही ती विनाविलंब जमा करावी लागते. आजोबांची आठवण म्हणून माळ्यावर ठेवणे हा गुन्हा ठरतो. येथे दार अडवणे हेच प्रेमाचे काम आहे. मात्र तेही अपमान न करता, विश्वासात घेऊन करता येते.

समूह चालवणाऱ्यांना एक विनंती

छंदाचे समूह चालवणाऱ्या जाणकारांपैकी कोणी हे वाचत असतील, तर त्यांना एवढेच सांगावयाचे आहे. नियम कडक ठेवा, विशेषतः शस्त्रांच्या बाबतीत. नवख्यांच्या नेहमीच्या दहा प्रश्नांची उत्तरे एकदा लिहून ठेवा आणि विचारणाऱ्याला ती पाठवा. चूक शब्द वापरला तर बरोबर शब्द सांगा. कोणाला काढावे लागलेच, तर कारण सांगून काढा. आणि वयावरून केलेली थट्टा, ती कितीही जुन्या सभासदाने केलेली असो, तेथल्या तेथे थांबवा. अण्णांना उत्तर द्यायला कोणाला एक मिनिट लागले असते.

गेल्या रविवारी केंद्रात एक नवे गृहस्थ आले होते, साठीच्या आसपासचे. त्यांनी संकोचत अण्णांना विचारले, "याच्या गोळ्या कोठे मिळतात हो?" मी अण्णांकडे पाहिले. त्यांनी डबी उघडून एक छर्रा त्या गृहस्थांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "याला छर्रा म्हणतात. मीही गोळीच म्हणायचो. बसा."